पर्समधला चाकू

ओढणी मोटारसायकलच्या मागच्या चाकात गेली, तेव्हा माझ्या पर्समध्ये काय काय होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. दोन पेनं, रुमाल, चष्म्याचं घर, रबरबँड लावलेली बचत गटाची पासबुकं, डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी, सेफ्टी पिनांचा जुडगा, कंगवा, लिमलेटच्या गोळ्या आणि घराच्या किल्ल्या. कापता येईल असं काहीही नव्हतं.

जानेवारीचे दिवस होते. सातारा-कोरेगाव रस्त्यावरून आत गेलेल्या एका गावात गटाची बैठक होती. माझी मैत्रीण आमच्यातल्याच एका तरुण कार्यकर्त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली होती आणि मी माझ्या स्कूटीवरून त्यांच्या मागे. सकाळचा वारा बोचरा, म्हणून तिने ओढणी कानांवरून घेऊन गळ्याला घट्ट गुंडाळली होती. तिचं एक टोक सुटलेलं मला दिसलं. मी हॉर्न दाबला, ओरडले, तेवढ्यात ती मागे खेचली गेली. त्या पोराने करकचून ब्रेक लावला म्हणून ती फरफटली नाही. पण ओढणी चाकात इतकी आवळली होती, की ती रस्त्यावर अर्धवट पडलेली, डोकं चाकाला टेकलेलं आणि तोंडातून आवाजच नाही. चेहरा आधी लाल, मग जांभळा.

आम्ही दोघांनी काय नाही केलं! गाठ शोधली, तर गाठ नव्हतीच, नुसता पीळ. त्याने दातांनी कापड तोडून पाहिलं. सिंथेटिक कापड ते, दातांना काय दाद देणार? मी सेफ्टी पिनेने भोकं पाडू लागले. मग स्कूटीच्या किल्लीने घासत बसले. आता आठवलं तरी हसावं की रडावं कळत नाही.

शेजारच्या फडात ऊसतोड चालू होती. तिथून एक बाई कोयता घेऊन धावत आली. मला वाटलं, आता ही गळ्याजवळ कोयता चालवते की काय! पण तिने आधी आपली तीन बोटं मैत्रिणीचा गळा आणि ओढणी यांच्यामध्ये खुपसली, आणि कोयता लावला तो थेट चाकाजवळ, जिथे कापड ताणून तारेसारखं झालं होतं तिथे. एक हिसका. बस्स. मैत्रिणीच्या छातीतून जो श्वास निघाला, त्याचा आवाज मी विसरणार नाही.

आम्ही तिला पाणी पाजत होतो, तर ती बाई कोयता कमरेला खोचत माझ्या पर्सकडे बघून म्हणाली, "बाई, एवढाल्या पिशव्या घेऊन हिंडता, अन् साधा चाकू नाई ठेवत व्हय?"

काय उत्तर देणार? बीडकडून आलेली ती टोळी होती. आठवड्याभराने मी मुद्दाम साडी-चोळी घेऊन गेले, तर फड रिकामा, टोळी पुढच्या गावाला गेलेली. तिचं नावही विचारायचं राहून गेलं.

(जाता जाता सांगते, मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं साडी गार्ड हवंच, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. आमच्या त्या पोराने गाडी 'दिसायला भारी' व्हावी म्हणून ते काढून टाकलं होतं. आपल्या घरातल्या गाडीला ते आहे का, आज संध्याकाळी खाली जाऊन बघाच. आणि कधी असा प्रसंग आलाच, तर आधी इंजिन बंद करा, गाडी हळूच मागे ढकलून चाक उलटं फिरतं का पाहा. पीळ सैल होतो. हे मला नंतर कळलं.)

तर अशी माझ्या चाकूखरेदीची सुरुवात झाली. मैत्रिणीचा आवाज दीड महिना बसलेला होता, त्या दीड महिन्यात मी जिथे जाईन तिथे चाकूच बघत होते.

घरात हा विषय काढला आणि काय सांगू! "आता झाशीची राणी होणार वाटतं," इति आमचे हे. सासूबाईंना पर्समध्ये 'शस्त्र' ठेवणं मुळीच पटेना. गंमत बघा, त्या हे बोलत होत्या तेव्हा त्यांच्या पायाखाली विळी होती, तिचं पातं चांगलं वीतभर! मी नऊ वर्षांची असताना माझ्या आईने मला विळीवर गवार मोडायला बसवलं होतं. गावाकडच्या बायकांच्या कमरेला विळा असतो, हातात खुरपं असतं. बाळंतिणीच्या उशाशी आपण लोखंड ठेवतो, लग्नात नवऱ्या मुलाच्या हाती लिंबू खोचलेली कट्यार देतो. धारेचं आणि आपलं वैर असं कधी नव्हतंच. पण तीच धार तीन इंचांची होऊन, घडी घालून एखाद्या बाईच्या पर्समध्ये गेली, की सगळ्यांच्या भुवया वर! माझ्या भावाला बाराव्या वर्षी मामाने चाकू आणून दिला होता. मला रिबिनी.

असो. पहिला चाकू मी जत्रेतल्या स्टॉलवर घेतला. दीडशे रुपये. लाल मूठ, आत अकरा अवजारं, शिवाय एक होकायंत्र आणि इवलीशी बॅटरी! मला वाटलं, काय स्वस्तात मिळालं. तिसऱ्याच दिवशी संस्थेच्या कार्यक्रमासाठी वह्यांचे गठ्ठे सोडत होते. सुतळीच्या आत टोक घालून जोर दिला आणि पातं मागच्या मागे मिटलं, ते थेट माझ्या तर्जनीवर. दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. होकायंत्रातली सुई तर मी कुठेही वळले तरी आमच्या स्वयंपाकघराकडेच तोंड करून असायची!

बोटाला पट्टी पाहून आमच्या आळीतल्या निवृत्त सुभेदार काकांनी विचारलं, "काय झालं सूनबाई?" मी चाकू दाखवला. साताऱ्यात दर दोन-चार घरांमागे एक फौजी सापडतो आणि फौजी माणसाला हत्यार दाखवलं की तो अर्धा तास तरी बोलतो. काकांनी चाकू उघडला, मिटला, कानाजवळ नेऊन हलवला (खुळखुळत होता), पात्याला अंगठा आडवा लावून पाहिला आणि म्हणाले, "हा चाकू नाही, हे खेळणं आहे. खेळणं असतं तर बरं झालं असतं, खेळण्यानं बोट तरी कापत नाही." त्यांच्या ओट्यावर बसून मी जे शिकले, ते पुढे दुकानं पालथी घालताना फार कामाला आलं. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

काकांचा पहिला प्रश्न साधा होता, "कापायचं काय?" मी यादी केली. फळं, ब्रेड, सुतळी, पोत्याची शिवण, औषधाचं पाकीट, बँडेज, दुधाची पिशवी, पायात मोडलेला काटा. आणि हो, ओढणी. या यादीत एकही काम असं नाही, ज्याला तीन इंचांपेक्षा मोठं पातं लागतं. आपल्या तळहाताच्या रुंदीएवढं पातं रोजच्या कामाला पुरतं, त्याहून मोठं झालं की ते पर्समध्ये राहत नाही आणि हातात आवरत नाही. मोठा चाकू दिसायला दणकट वाटतो खरा, पण सफरचंद सोलताना तो कोयत्यासारखा आडवातिडवा जातो.

धार सरळ हवी की करवतीसारखी दात्यांची? दाते दोरखंडाला आणि जाड पट्ट्याला फार छान, पण ते बोथट झाले की घरच्या दगडावर धार लावता येत नाही. शिवाय टोमॅटोचा पार लगदा होतो. सरळ धार नीट राखली तर ती दोरीही कापते आणि टोमॅटोही. मी सरळच घेतली.

आता पातं मिटण्याचा प्रश्न, माझ्या दोन टाक्यांचा! घडीच्या चाकूत दोन जाती. एकीत पातं नुसत्या स्प्रिंगच्या दाबाने उघडं राहतं, मागून जोर दिला की मिटतं. दुसरीत पातं उघडलं की आतून एक पट्टी किंवा खटका आडवा येतो आणि तो सोडवल्याशिवाय पातं मिटत नाही, म्हणजेच लॉक. फळ कापताना जोर धारेकडून पडतो, तो पातं उघडण्याच्याच बाजूला जातो, म्हणून पहिल्या जातीचं काही बिघडत नाही. पण टोक खुपसून, ढकलून, उचकटून काही करायचं असेल तर लॉक हवंच. खरं म्हणजे उचकटायला चाकू वापरायचाच नाही. डब्याचं झाकण उघडायला चमचा आहे, खिळा काढायला पक्कड आहे. चाकूंची टोकं मोडतात ती याच कामात.

दुकानात लॉक तपासायची सोपी रीत आहे. चाकू उघडा, धार तुमच्यापासून लांब आणि बोटं पात्याच्या वाटेत नसतील अशी मूठ धरा, आणि पात्याची पाठ लाकडी टेबलावर हलकेच दोनदा टेकवा. लॉक सुटलं तर तो चाकू परत काउंटरवर. मग पातं चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. डुगडुगलं तरी परत. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा, पात्याचं टोक मुठीबाहेर डोकावतंय का पाहा. डोकावत असेल तर पर्सच्या अस्तराची वाट लागलीच म्हणून समजा, आणि एक दिवस रुमाल काढताना बोटाचीही.

उघडायला किती जोर लागतो, हेही स्वतः उघडूनच पाहायचं. ही गोष्ट पुरुष विक्रेते सांगत नाहीत. पात्यावर नखाने ओढायची एक खाच असते. आपण भांडी घासणाऱ्या, कणीक मळणाऱ्या बायका, आपली नखं कापलेली किंवा झिजलेली. कित्येक चाकू माझ्या नखाला उघडलेच नाहीत. ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडलेली आहेत, त्यांनी तर पात्याला अंगठ्याने ढकलायची खुंटी किंवा मोठं भोक असलेलाच घ्यावा. पण बटण दाबलं की सट्कन उघडणारा खटक्याचा चाकू नको. एक तर तो पर्समध्ये उघडू शकतो, आणि दुसरं म्हणजे त्याच्याकडे बघून पोलीस काय समजायचं ते समजतात.

मग पोलाद. इथे आपला रोजचा अनुभव कामाला येतो. भांडी घेताना आपण लोहचुंबक लावून बघतो ना? चिकटलं तर स्टील हलकं, असं समजतो. चाकूच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे! ज्या स्टीलला कडक पाणी देऊन धार टिकवता येते, ते चुंबकाला चिकटतंच. न चिकटणारं स्टील डब्याला उत्तम, धारेला निकामी. 'स्टेनलेस'च्या शिक्क्याने इतकंच कळतं की लवकर गंजणार नाही. धार किती टिकेल, ते त्यात कुठेच नसतं.

दुसरं असतं ते साधं कार्बन पोलाद, आपल्या जुन्या विळीचं. कैरी चिरली की विळी काळी पडायची आणि फोडींनाही काळसर कड यायची, आठवतं? धार त्याची अप्रतिम, लावायलाही सोपी. पण ओलं राहिलं की रात्रीत गंज. कोकणात किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात राहणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावं. ज्यांना पुसून ठेवायची सवय आहे (आणि घरातल्या बाकीच्यांना ती लावायची ताकद आहे), त्यांनी कार्बन घेऊन पाहावं.

एवढी विद्या घेऊन मी पुण्याला गेले. बोहरी आळीत लोखंडी सामानाची दुकानं पालथी घातली, मग एक-दोन गिर्यारोहणाच्या सामानाची. "साहेबांसाठी हवाय का?" हा पहिला प्रश्न. "नाही, मला," म्हटल्यावर दुसरा, "सेल्फ डिफेन्सला का मॅडम?" आणि लगेच काळी मूठ, काळं पातं, वर कवटीचं चित्र असलेला चाकू पुढे!

याविषयी मला थोडं स्पष्ट बोलायचंय. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं, त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने महिलांना छोटे चाकू वाटले होते. त्यामागचा संताप मला समजतो, माझाही होताच. पण पंधरा-वीस वर्षं बायकांसोबत काम करताना मी जे पाहिलंय, त्यावरून सांगते, स्वसंरक्षण म्हणून चाकूवर विसंबू नये. तो पर्समधून काढून उघडेपर्यंत वेळ निघून जातो, आणि समोरचा ताकदीने जास्त असेल तर तो हिसकावून आपल्यावरच चालवला जातो. ज्या बाईला घरातच मारहाण होते, तिच्या हाती चाकू देऊन तिची सुटका होत नाही, उलट कोठडीत तीच जाण्याची भीती. हा चाकू सुतळीसाठी आहे, काट्यासाठी आहे. ही एक गोष्ट डोक्यात पक्की असली की बाकीची निवड सोपी होते.

कायद्याचंही सांगते, कारण सगळ्यांना तीच धास्ती असते. आपल्या शस्त्र नियमांत ज्या चाकूंचा उल्लेख आहे ते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे, आणि त्यातही घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेले वगळलेले आहेत. आपला तीन इंची चाकू त्यात बसत नाही. पण विमानात हातातल्या सामानात छोटासा चाकूही चालत नाही. तो चेक-इन बॅगेतच टाकायचा. मी एकदा विसरले आणि माझा लाडका चाकू सुरक्षा तपासणीच्या पेटीत जाताना पाहिला. चूक माझीच. कोर्ट, मंत्रालय, मेट्रो, मोठी देवस्थानं अशा ठिकाणी जायचं असेल तर तो सरळ घरी ठेवावा.

आता मी काय घेतलं? लांबण लावत नाही, दोन घेतले.

पहिला तो लाल स्विस चाकू, बोटाएवढा, मिटलेला ५८ मिलिमीटरचा. पातं, कात्री, नखं घासायची कानस, काट्यासाठी चिमटा आणि दात कोरणी. वजन म्हणाल तर जेमतेम २१ ग्रॅम. हा किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. खरं सांगू? यातली कात्री मी पात्यापेक्षा दहापट वापरते. धागे, पाकिटं, बँडेज, मुलांची नखं. बाजारात याच्या नकला पोत्याने आहेत. अस्सल असेल तर मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव ठसठशीत कोरलेलं असतं आणि उघडताना-मिटताना स्वच्छ 'टक्' असा आवाज येतो.

या चाकूची गोष्ट मला फार आवडली. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये चाकूंचा कारखाना काढला. सैन्याला असा चाकू हवा होता, की ज्याने डबा उघडता येईल आणि बंदुकीचे स्क्रूही काढता येतील. १८९१ मध्ये त्याने तो सैन्याला पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये 'ऑफिसर'चा, जास्त अवजारांचा चाकू आला. १९०९ मध्ये त्याची आई वारली. तिचं नाव व्हिक्टोरिया, म्हणून कारखान्याच्या मालाला त्याने तेच नाव दिलं. पुढे १९२१ मध्ये स्टेनलेस स्टील आलं, त्याचा 'इनॉक्स' त्या नावाला जोडला आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स. म्हणजे जगभरातले पुरुष जो चाकू मिरवतात, त्यावर एका आईचं नाव आहे! आमच्या ह्यांना मी हे मुद्दाम दोनदा सांगितलं.

या कंपनीच्या मोठ्या चाकूंत बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री काटा असतो. आपल्याकडे तो काय कामाचा, असं मीही म्हणत होते. पण सुतळीची पाण्याने आवळलेली गाठ त्याच्या टोकाने इतकी छान सैल होते, की पुन्हा कधी दाताने गाठ सोडवणार नाही.

दुसरा चाकू सहलींसाठी. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोझेफ ओपिनेलने १८९० च्या सुमारास बनवलेला शेतकऱ्याचा चाकू, लाकडी मुठीचा, गोलसर, अगदी आपल्या लाटण्याच्या टोकासारखा हाताला लागतो. मुठीच्या तोंडाशी एक धातूचं कडं आहे, ते फिरवलं की पातं पक्कं. हे कडं १९५५ मधलं. आकार नंबरांनी ओळखतात. मी आठ नंबरचा घेतला, पातं साडेआठ सेंटिमीटर, स्टेनलेसचं. एवढा साधा चाकू, ना स्क्रू ना बाटलीचं ओपनर, पण काकडी-कांदा-टोमॅटो चिरायला याच्यासारखा नाही. एक खोड मात्र आहे. पावसात लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. आमच्या महिला मंडळाची सहल भर जुलैत सज्जनगडाला गेली, तेव्हा पिशवीभर काकड्या आणि न उघडणारा चाकू घेऊन मी बसले होते. शेवटी काकड्या दातांनी! त्या दिवसापासून पावसाळ्यात तो कपाटात आणि प्लास्टिक मुठीचा दुसरा एक साधा चाकू पिशवीत.

दोन्हींना मिळून चार आकडी रक्कम गेली. मी ती भिशीतून काढली. पण एवढे पैसे घालायलाच हवेत असं मुळीच नाही. आपल्याकडच्या बाजारात मिळणारा साधा, एका पात्याचा, घट्ट स्प्रिंगचा फळांचा चाकू वर सांगितलेल्या परीक्षांना उतरला, तर तोही वर्षानुवर्षं साथ देतो. अकरा अवजारांचा तेवढा नको.

निगा फार नाही. वापरला की पुसायचा, लिंबू-कैरी कापली असेल तर लगेच धुवायचा आणि उघडा ठेवून पूर्ण कोरडा करायचा. सांध्यात तेलाचा एक थेंब. गोडेतेल काही दिवसांनी चिकट होतं, खोबरेल थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल उत्तम, फक्त फळ कापण्याआधी पातं पुसून घ्यायचं.

धार लावायला मात्र रस्त्यावरच्या चाकाकडे देऊ नका. ठिणग्या उडताना बघायला मजा वाटते, पण बारीक पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. विळी-कोयत्यांना ते ठीक. छोट्या चाकूला घरी धारेचा दगड. काकांनी कोन धरायची युक्ती शिकवली. पातं दगडावर काटकोनात उभं धरायचं, त्याच्या निम्मं झुकवायचं, आणि परत निम्मं. झाला कोन. मग जणू दगडावरचा पातळ पापुद्रा काढतोय असं हलक्या हाताने ओढायचं, दोन्ही बाजूंना सारखं. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडा चालते. आपल्या आया हेच करायच्या! आणि धार असलेल्या चाकूची भीती बाळगू नका. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो, तो घसरतो आणि खोल कापतो. आमच्या शिबिरांत मी पाहिलेल्या बहुतेक जखमा बोथट सुऱ्यांच्याच.

सहलीला मुलं बरोबर असतील तर त्यांना दोन गोष्टी आधी सांगते. कापताना धार अंगापासून लांब जायला हवी आणि हातभर अंतरात कुणी नको. आणि झाडावर, गडाच्या दगडावर नाव कोरायचं नाही. ज्याने कोरलं, त्याचा चाकू माझ्याकडे जमा. एकाचा अजून माझ्याकडे आहे, त्याची आई मागायला आलेली नाही.

मैत्रीण बरी झाली. ती आता ओढणीची टोकं पाठीमागे गाठ मारून कमरेत खोचते, आणि तिच्याही किल्ल्यांना तसाच लाल चाकू लटकतो. पहिल्यांदा तो तिने वापरला तो एस.टी. स्टँडवर, एका मुलाच्या बुटाची लेस फिरत्या दाराच्या फटीत अडकली होती तेव्हा.

गेल्या जूनमध्ये मुलगी शिकायला कोल्हापूरला हॉस्टेलवर गेली. बॅग भरताना मी आठ नंबरचा चाकू काढला, तर सासूबाई एकदम पुढे आल्या. मला वाटलं, आता नको म्हणणार. त्या म्हणाल्या, "हातात देऊ नको गं, धारेची वस्तू हातात दिली की भांडणं होतात. खाली ठेव, ती उचलेल."

मी तो मिटून, कडं फिरवून ओट्यावर ठेवला. लेकीने उचलला, उघडून पाहिला आणि म्हणाली, "आई, पावसाळा आहे, हा अडकेल. प्लास्टिकचा दे ना."